लांबची गाडी

एका टेबलावर एकच माप. आमच्या गटात हा नियम सगळ्यांत जास्त भांडून पाळायला लावणारी मीच. रविवारी स्वारगेटजवळच्या एका हॉलमध्ये आम्ही रणगाड्यांची मॉडेल्स मांडून लढाया खेळतो, फासे टाकतो, टेप लावून अंतरं मोजतो. तिथे कुणी बहात्तरपट लहान केलेल्या रणगाड्याशेजारी छप्पन्नपट लहान केलेला आणून ठेवला की माझं डोकं फिरतं. मी शाळेत भूगोल शिकवते. एकाच नकाशात पुणं एका मापाने आणि सोलापूर दुसऱ्या मापाने काढलेलं चालेल का तुम्हाला? नाही ना? मग.

आता माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर चार मापांचे रणगाडे एकत्र असतात, आणि मला त्याची काडीची लाज वाटत नाही.

अण्णांनी जेवण सोडलं होतं. अण्णा म्हणजे माझे वडील, जयसिंग. रिटायर्ड दफेदार, एकाहत्तरच्या लढाईत सेंच्युरियन रणगाड्याचे ड्रायव्हर. पुण्याजवळ मांजरीत जिथे आमचा ऊस होता तिथे आता इमारत आहे आणि तिच्यात आम्ही दोघं राहतो. त्यांची आठवण हळूहळू विरत चालली होती. आधी माझ्या शाळेचं नाव गेलं, मग आई वारली हे गेलं, मग अंघोळ कशाशी खातात तेही गेलं, आणि शेवटी भूक. घास गालात धरून बसायचे. मी चिडायचे, हात जोडायचे, बाथरूममध्ये जाऊन रडायचे आणि परत चमचा घेऊन यायचे.

डॉक्टर म्हणाले, "तोंडाने गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल."

मागच्या खेपेला हॉस्पिटलात त्यांनी सलाइन उपटलं होतं, तेव्हा त्यांचे हात पलंगाला बांधले होते. ते बांधलेले हात मी पाहिलेत. नळी नको म्हणजे नको. पण नुसतं नको म्हणून माणूस जगतो का?

अशातच एका संध्याकाळी मी शाळेतून घरी आले तर आमच्या हॉलमधल्या खेळाच्या टेबलावर सगळा गोंधळ. दिवसा अण्णांना सांभाळणाऱ्या बायडाबाईंनी कपाट पुसायला घेतलं होतं, आणि पुसून झालेले रणगाडे दिसेल तिथे मांडले होते. पस्तीसपट लहान केलेला, वीतभराहून मोठा माझा सेंच्युरियन अलीकडच्या कडेला. आणि तोच रणगाडा एकशे चव्वेचाळीसपट लहान केलेला, काडेपेटीएवढा, पार पलीकडच्या टोकाला.

"अहो बायडाबाई, हे काय करून ठेवलंत?" मी ओरडले. "मापं बघायची नाहीत का जरा?"

"ताई, मला सगळी सारखीच दिसत्यात," त्या म्हणाल्या. "बारकी काय न् मोठी काय."

तेवढ्यात अण्णा बोलले. कितीतरी दिवसांत एवढं स्वच्छ बोलले नव्हते. "बद्रीची गाडी लई लांब ऱ्हायली."

ते चाकाच्या खुर्चीत बसले होते आणि त्यांची नजर बरोबर टेबलाच्या पातळीला होती. तिथून त्यांना तो काडेपेटीएवढा रणगाडा लहान दिसत नव्हता, लांब दिसत होता. बद्रीनाथ म्हणजे त्यांचा जोडीदार, पलटणीतल्या दुसऱ्या रणगाड्याचा ड्रायव्हर. तो लढाईतून परत आला नाही, एवढंच मला लहानपणापासून ठाऊक होतं.

मी लगेच वाटी पुढे केली. दूध-भाकरी कुस्करलेली. "अण्णा, एक घास."

"बद्री येऊ दे," ते म्हणाले. "शेवटची गाडी आल्याबिगर लंगर सुरू होत न्हाई."

लंगर म्हणजे पलटणीचं जेवण, आणि त्यांच्या तुकडीचा तो रिवाज. सगळ्या गाड्या परत आल्याशिवाय कुणी ताटाला हात लावायचा नाही. म्हणजे हा माणूस इतके दिवस बद्रीनाथसाठी उपाशी बसला होता की काय, देव जाणे. पण कारण सापडलं, यानेच मला हुरूप आला. मी त्या बारक्या रणगाड्याला बोटाने ढकलत ढकलत त्यांच्यासमोर आणलं. "आला बघा बद्री!"

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा चौथीत गेले. "हे खेळणं हाय. बद्री तिकडं हाय."

बरोबरच होतं त्यांचं. लांब होता तोवर तो रणगाडा होता, जवळ आला आणि खेळणं झाला. जवळ येणारी गाडी मोठी व्हायला हवी. मी भूगोलाची बाई, आणि हे मला त्या डोकं चालत नसलेल्या माणसाकडून कळलं.

दुसऱ्या दिवशी मी बारका पलीकडे ठेवला. मग टॉवेल आडवा धरला, "धुरळा उठलाय अण्णा," म्हणाले, आणि टॉवेलामागे बारका उचलून टेबलाच्या मधोमध बहात्तराचा ठेवला. टॉवेल खाली घेतला. अण्णा पुढे झुकले. "येतोय! बद्री येतोय!" पुन्हा टॉवेल, आणि आता थेट पस्तीसचा. अण्णांचा चेहरा पडला. "ही दुसरी गाडी हाय. एवढ्यात कशी यील?" त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच.

मधलं माप हवं होतं. छप्पन्नाचा सेंच्युरियन आमच्या गटात फक्त सौमित्रकडे. सौमित्र म्हणजे नारायण पेठेतला, माझ्याहून कडक नियमवाला. मी फोन केला.

"शेफालीबाई चार मापं एका टेबलावर मांडणार?" तो म्हणाला. "कुठल्या वर्तमानपत्रात देऊ?"

"सौमित्र, अण्णा जेवत नाहीयेत रे," मी म्हणाले आणि टॉवेलाची सगळी गोष्ट सांगितली.

तो तासाभरात मांजरीत हजर. खोक्यातून रणगाडा काढताना फक्त म्हणाला, "अँटेना नाजूक आहे. मोडली तरी चालेल." सौमित्रच्या तोंडून हे वाक्य म्हणजे गटात कुणाला सांगितलं तरी खरं वाटणार नाही.

त्या संध्याकाळी बद्रीनाथ आला. बारका, मग बहात्तराचा, मग छप्पन्नाचा, मग अगदी नाकासमोर पस्तीसचा. दर वेळी मी टॉवेल धरायचे आणि सौमित्र मागून गाडी बदलायचा. शेवटचा टॉवेल खाली आला तेव्हा अण्णांनी त्या मोठ्या रणगाड्यावर तळवा ठेवला. "आलास व्हय रे," म्हणाले. "किती उशीर." आणि माझ्याकडे वळून, "वाढ की आता." अख्खी वाटी संपवली. बायडाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. सौमित्र गॅलरीत जाऊन उभा राहिला. मला तर नाचावंसं वाटत होतं.

मग हे रोजचं झालं. रोज संध्याकाळी बद्री लांब, रोज धुरळा, रोज तो यायचा आणि अण्णा जेवायचे. वजन थोडं वाढलं. डॉक्टर नळीचं बोलेनासे झाले. मी येडी, मला वाटलं, आपण जिंकलो.

पण घास कमी होत गेले. वाटीची अर्धी वाटी झाली, मग चार चमचे. बद्री येत होता, अण्णा त्याच्यावर हात ठेवत होते, पण तोंड उघडत नव्हते. मी वेड्यासारखी रोज काहीतरी नवीन करायचे. खिडकीचा पडदा ओढून उजेड बदल, टेबलावर माती पसर, तोंडाने इंजिनाचा आवाज काढ. पंचेचाळीस वर्षांची बाई घुर्रघुर्र करत टेबलाभोवती फिरतेय! हसा खुशाल. त्यांनी एक चमचा जास्त घेतला असता तर मी खालच्या रस्त्यावर जाऊनही केलं असतं.

काल बद्री आला. अण्णांनी नेहमीसारखा हात ठेवला. मग म्हणाले, "समदे आले. आता माझी गाडी काढायची. धर टॉवेल."

मला वाटलं, नवा खेळ. मी उत्साहाने टॉवेल धरला.

"आता जरा पुढं ने."

मी मोठा उचलून छप्पन्नाचा ठेवला, जरा पलीकडे. त्यांनी मान डोलावली. "अजून." बहात्तराचा ठेवला, मधोमध. आणि तो ठेवता ठेवता मला कळलं की गाडी कुठे चाललीय.

"अण्णा, पुरे आता. दोन घास खाऊ या."

"टॉवेल धर, शेफा." कितीतरी महिन्यांनी माझं नाव घेतलं. घेतलं तेही यासाठी.

मी टॉवेल धरला. त्याच्यामागे बारका रणगाडा हातात घेतला आणि माझ्याने तो ठेववेना. मी लबाडी केली. पस्तीसचा, सगळ्यांत मोठा, नेऊन पार पलीकडच्या टोकाला ठेवला. मोठा दिसला की जवळ वाटेल, वाटलं तर थांबतील. टॉवेल खाली घेतला.

अण्णांनी बराच वेळ पाहिलं. मग हसले. खरंच हसले. "लांबची गाडी एवढी मोठी असती व्हय? माप चुकलं पोरी तुझं."

आयुष्यभर मी लोकांना हेच सुनावत आले. मी मोठा उचलला. रडत रडत तो काडेपेटीएवढा त्या टोकाला ठेवला. त्यांनी समाधानाने मान मागे टेकली.

"मी पण जेवणार नाही मग," मी ओरडलेच. "शेवटची गाडी आल्याशिवाय कुणी जेवायचं नसतं ना? मी बसणार अशीच. तुम्ही परत येईपर्यंत."

त्यांनी वाटी माझ्याकडे सरकवली.

"माझ्यासाठी थांबू नगं," अण्णा म्हणाले. "तू जेवून घे."