सरकणारी गिरकी

नरसिंगरावांची गाडी गेली दोन वर्षं कंपाउंडबाहेर, कडुनिंबाखाली उभी असे, कारण पोर्चमध्ये बर्फ होता. बर्फ म्हणजे जाड पांढऱ्या प्लास्टिकचे सोळा तक्ते, एकमेकांत अडकवून अंथरलेले. त्यांवर खऱ्या बर्फावरचे, स्केटिंगचे ब्लेडचे बूट चालतात, गिरकीही घेता येते. जोर मात्र जास्त लागतो आणि धार लवकर जाते. धाकट्या लेकीसाठी, स्वरासाठी हा सगळा उद्योग होता. महिन्यातून एकदा हैदराबादला खऱ्या बर्फावर अमरदीप सरांकडे सराव, आणि बाकीचे दिवस मावला गावातल्या घराच्या या पोर्चमध्ये. सुरुवातीला गल्लीतले लोक फाटकाशी थांबून बघत. आता कुणी थांबत नसे.

नोव्हेंबरात स्वराच्या बुटांना नवे ब्लेड बसले आणि तिची गिरकी बिघडली.

गिरकी बिघडते म्हणजे काय, ते तक्त्यांवर स्पष्ट दिसे. खरा बर्फ खुणा पुसून टाकतो, प्लास्टिकवर ओरखडे राहतात. चांगल्या गिरकीचे ओरखडे म्हणजे एकावर एक बसलेली बारीक वर्तुळं, जणू स्प्रिंगकडे वरून पाहिलंय. बिघडलेल्या गिरकीची वर्तुळं पुढेपुढे सरकत जातात, जणू तीच स्प्रिंग कुणीतरी ओढून लांबवलीय. थोरली अदिती फिजिक्स घेऊन नुकतीच एम.एस्सी. झाली होती. ती गुडघ्यांवर बसून पट्टीनं मोजे. जुन्या ब्लेडवर दहा फेऱ्यांत स्वरा चार सेंटिमीटर सरकायची. नव्या ब्लेडवर पहिल्याच दिवशी एक्केचाळीस सेंटिमीटर सरकली आणि दोनदा पडली.

राज्याच्या संघाची निवड जानेवारीच्या पाच तारखेला होती. वयोगटातलं स्वराचं हे शेवटचं वर्ष. त्या दिवशी गिरकी जागेवर राहिली नाही, तर चार वर्षांची मेहनत तिथेच संपणार होती.

आणि ब्लेड निवडले होते अदितीनं. पायाची लांबी, ब्लेडची गोलाई, पुढच्या दातांची उंची, सगळं वाचून, कागदावर मांडून.

"ताई, तुझ्या सायन्सनं माझी वाट लावली," स्वरा कोपर चोळत म्हणाली.

"पंधरा दिवस दे. सर पण तेच म्हणाले. नवं ब्लेड पायात बसायला वेळ लागतो."

"सर हैदराबादला आहेत. पडून मी राह्यली इथं."

स्वयंपाकघरातून आईचा, पद्मिनीबाईंचा आवाज आला. मग पुन्हा आला. तिसऱ्यांदा त्या उलथनं हातात घेऊनच बाहेर आल्या. "अगं, किती वेळची हाका मारून राह्यली! नाश्ता करायचा का नाही? काऊन उत्तर देत नाहीस?"

"हेडफोन होता," स्वरा म्हणाली. उजव्या कानात खरंच हेडफोनचं एक बोंड होतं. दुसरं गळ्याशी लोंबत होतं.

अदितीनं वही केली. पहिल्या पानावर ब्लेड बसवल्याची तारीख लिहिली आणि रोजची मापं टिपायला सुरुवात केली. नवं ब्लेड जुन्यापेक्षा किंचित सपाट होतं. म्हणजे ज्या बिंदूवर तोल धरून फिरायचं, तो थोडा मागे गेला असणार आणि स्वरा सवयीनं पुढे झुकत असणार. तिनं स्वराला भिंतीला धरून टाच-चवडा करत तो बिंदू शोधायला लावला. सरकणं एकतीसवर आलं. मग जमीन तपासली. पोर्चला उतार असेल तर गिरकी कायम एकाच भिंतीकडे जाईल, म्हणून तिनं स्वराला चारही दिशांनी सुरुवात करायला सांगितली. प्रत्येक वेळी गिरकी वेगळ्या भिंतीकडे गेली, पण सुरुवातीच्या दिशेच्या डावीकडेच. म्हणजे दोष जमिनीचा नव्हता. ज्या पायावर स्वरा फिरे, त्या डाव्या पायाच्या बुटाचे स्क्रू सैल करून ब्लेड दोन मिलिमीटर आत घेतलं, मग दोन मिलिमीटर बाहेर. आकडे बदलले, डावी बाजू बदलली नाही.

रात्री अंथरुणावर तिला वाटे, आपलीच काहीतरी ढोबळ चूक असावी. एखादा आकडा उलटा वाचला असेल. चूक सापडली की दुरुस्त करता येते. नरसिंगराव तिला काही बोलत नसत. फक्त जेवताना विचारत, "मग, आज किती?" ती आकडा सांगे आणि ते वरणात भात कालवत राहत.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बेल्लमपल्लीहून वामनराव आले. ते पद्मिनीबाईंचे मामा, कोळशाच्या खाणीच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं फिटर म्हणून काम केलेले. सकाळची थंडी इतकी होती की त्यांनी कानटोपी घरातही काढली नाही. पिशवीतून त्यांनी काटकोन तपासायचा गुण्या काढला, एक लहान भिंग काढलं आणि बूट उलटा करून मांडीवर घेतला, एखाद्या तान्ह्या पोरासारखा.

"दोन धारा हायेत याला," ते म्हणाले. "आतली अन् बाहीरची. दोनी एका पातळीत पाह्यजेत." गुण्या लावून त्यांनी बूट उजेडाकडे धरला. "केसभर फरक हाय बग. बाहीरची उंच."

अदिती पुढे सरकली. "म्हणजे हेच?"

"म्या फरक हाय म्हनलं. हेच हाय आसं कुटं म्हनलं?"

त्यांनी दगडावर तासभर धार घासली, पुन्हा गुण्या लावला, पुन्हा घासली. स्वरा समोर पायऱ्यांवर बसून होती. "आजोबा, कोळसा फोडायच्या मशिनीसारखं करू नका हां, माझे पाय जातील त्यात!"

"तुझे पाय मशिनीपेक्षा लई नखरे करून राह्यले."

सगळे हसले. त्या सकाळी स्वरा अठरा सेंटिमीटरच सरकली. नरसिंगरावांनी बँकेत कामावर जायच्या आधी जिलेबी आणवली. दुसऱ्या दिवशी आकडा सदतीसवर गेला.

वामनराव परत जायच्या दिवशी पोर्चच्या पायरीवर चहा घेत वही चाळत होते. पानं उलटी-सुलटी करून त्यांनी विचारलं, "मशीन किती दिवस हुबी व्हती?"

"कोणती मशीन?"

"पोरगी. दुसरी कोन हाय?" त्यांनी बशी खाली ठेवली. "आमच्याकडं नियम व्हता. बिघाड आला की पयलं हे पाहाचं नाई की नवा पार्ट कोन्ता टाकला. पयलं पाहाचं, बिघाडाच्या आदी मशीन बंद व्हती का, अन् काऊन बंद व्हती. तुज्या वहीत ते पानच नाई. तुजी वही नव्या पार्टापासून सुरू हुते."

ते बसस्टँडवर गेल्यावरही अदिती पायरीवरच बसून राहिली.

मशीन बंद होती. दसऱ्याच्या सुमारास स्वराला गालगुंड आलं होतं. डावा गाल फुगून कानामागपर्यंत गेला होता, ताप होता, दोन दिवस ओकाऱ्या आणि चक्कर. ताप आहे, तर चक्कर येणारच, असं सगळे म्हणाले होते. तीन आठवडे ती बुटांना शिवली नव्हती. त्याच तीन आठवड्यांत नवे ब्लेड आले आणि अदितीनं ते कौतुकानं बसवून ठेवले, बरी होऊन उठल्यावर तिला आनंद व्हावा म्हणून. म्हणजे दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या आणि तिनं एकच लिहिली होती. कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांनी असा प्रयोग केला असता तर तिनं लाल पेनानं काट मारली असती.

दिवसभर ती फोनवर वाचत राहिली. एक सोपी चाचणी होती. डोळे बांधून, हात समोर धरून, जागच्या जागी पन्नास पावलं टाकायची. दोन्ही कानांच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा सारखी चालत असेल, तर माणूस फारसा वळत नाही. एक बाजू गेली असेल, तर नकळत त्या बाजूला वळत जातो. तिनं आधी अंगणात खडूनं फुली काढून स्वतःवर तीनदा केली. मग आईवर केली. "हा काय खेळ लावलास?" म्हणत पद्मिनीबाईंनी पन्नास पावलं टाकली. दोघीही जेमतेम वळल्या होत्या.

संध्याकाळी ती स्वराला अंगणात घेऊन आली.

"ब्लेडशिवाय?" स्वरानं विचारलं.

"ब्लेडशिवाय. अनवाणी."

"बरं झालं, एक दिवस तरी त्यांची सुट्टी."

अदितीनं ओढणीनं तिचे डोळे बांधले आणि तिला फाटकाकडे तोंड करून फुलीवर उभं केलं. स्वरा मोजू लागली. एक, दोन, तीन. दहापर्यंत ती फाटकाकडेच पाहत होती. विसाव्या पावलाला तिचा खांदा कडुनिंबाच्या बाजूला गेला. अदितीला वाटलं, इथे थांबेल. तिसाव्याला ती शेजाऱ्यांच्या भिंतीकडे तोंड करून होती. गुडघे व्यवस्थित उचलत, हात सरळ ठेवत, आकडा न चुकवता ती घड्याळाच्या काट्याच्या उलट्या दिशेनं हळूहळू वळत होती. पन्नासला ती थांबली, तेव्हा तिची पाठ फाटकाकडे होती आणि समोर कपडे धुवायचा दगड होता.

"हलली का मी?" स्वरा हसून म्हणाली. "मला तर वाटतं एक इंचही नाही."

अदितीनं दोन्ही हात पुढे केले. खांद्याला धरून तिला वळवावं, फाटकाकडे तोंड करून द्यावं आणि मग ओढणी सोडावी. एवढंच करायचं होतं. हात हवेतच राहिले.

"ताई? सांग ना."

स्वरानं स्वतःच ओढणी खाली ओढली. दगडाकडे पाहिलं, मग मागे फाटकाकडे. हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, पुसायचं विसरल्यासारखं.

अदिती तिच्या डाव्या बाजूला जाऊन बसली आणि तिलाही दगडावर बसवलं. मग खाली मान घालून बोलू लागली. ब्लेडमध्ये काही चूक नाही. तुझ्यातही नाही. गालगुंडानं कधीकधी कानाच्या आतली नस जाते. तुला वाटतं तू सरळ आहेस, पण आतलं सांगणारंच चुकीचं सांगतंय. मी आधी विचारायला हवं होतं. मी दीड महिना स्क्रू फिरवत बसले. बोलता बोलता तिचा आवाज इतका बारीक झाला की शेवटचं तिचं तिलाच नीट ऐकू आलं नाही.

स्वरा समोर पाहत होती. मग तिनं अदितीचं मनगट धरलं आणि तिला उठवून आपल्या उजव्या बाजूला बसवलं.

"आता सांग. तिकडून काहीच येत नाही."

अदितीनं तिच्याकडे पाहिलं. "कधीपासून?"

"दसऱ्यापासून. आधी वाटलं सूज आहे, उतरल्यावर येईल. मग सूज उतरली."

"अगं, मग बोलली काऊन नाहीस? त्या पहिल्या दिवसांत कदाचित काही उपाय…"

"बोलली असती तर बाबांनी हैदराबाद बंद केलं असतं," स्वरा म्हणाली. "अन् तुमी सगळे ब्लेडच्या मागं लागले. तू इतकं बारीक बारीक मोजत होतीस. मला वाटलं, ब्लेडचंच निघंल. रोज वाटायचं, आज निघंल."

रस्त्यावरून कापसाची एक गाडी गेली. स्वरानं ओढणीनं चेहऱ्यावरची धूळ झटकली.

"परत येतं का हे?"

खोटं बोलणं या वेळी सोपं होतं. स्वराला तपासता येण्यासारखं काही नव्हतं.

"ऐकू येणं बहुतेक नाही," अदिती म्हणाली. "चालणं-पळणं शरीर शिकून घेतं. गिरकीचं मला खरंच माहीत नाही. डॉक्टरांना विचारू. पण पाच जानेवारीपर्यंत नाही, स्वरा."

स्वरानं मान हलवली, परीक्षेचा निकाल आधीच कळलेला असावा तशी. मग गुडघ्यांत तोंड घातलं. अदिती तिच्या पाठीवर हात ठेवून बसली.

बऱ्याच वेळानं फाटकाशी गाडीचा आवाज आला. तो अदितीला आधी ऐकू आला. स्वरानं तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि ओढणीनं घाईघाईनं नाक पुसलं.

"बाबा आले ना?"

"हो."

"आईला मी सांगते," स्वरा उठत म्हणाली. "बाबांना तू सांग. माझ्यानं नाही होणार. ते आता आत येतील अन् विचारतील, आज किती."