नीलकंठदादांचा डावा पाय

मित्रांनो, मी एक जुना पाय आहे. हाडामांसाचा नव्हे, वर प्लास्टिकची वाटी, मध्ये धातूची नळी आणि खाली रबरी पाऊल. नवा रायपूर शहरातल्या एका सेवाभावी संस्थेत मी घडलो. आगीशी झुंजताना कायमचे जायबंदी झालेल्या अग्निशमन जवानांना ही संस्था पुन्हा उभे करते.

मी नीलकंठदादांसाठी घडलो. रायपूरच्या गुढियारी भागातल्या गोदामाला आग लागली, तेव्हा एका हमालाला बाहेर काढताना भिंत कोसळली आणि त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. इस्पितळात पुष्कळ लोक हार घेऊन आले, फोटो काढून गेले. महिन्यानंतर एकही फिरकला नाही. तेव्हापासून दादांचा कोणावरच विश्वास उरला नव्हता.

संस्थेच्या रमाताई मला घेऊन घरी आल्या, तर दादांनी मला हातही लावला नाही.

"फुकट काहून देऊन राहिले? सही कुठं पाहिजे?"

"सही नको, दादा. दर गुरुवारी माझ्यासोबत चालायचा सराव करा, बस."

ताई गेल्यावर ते पत्नीला म्हणाले, "पाहजो विमला, पोस्टरवर छापतील मले."

विमलाबाईंनी मला उलटसुलट करून पाहिले. "कोणाचा उतरवलेला तर नाही ना जी?"

मला फार वाईट वाटले. मी नवाकोरा होतो!

तरी दादांनी मला घातले. भिंत धरून ते चालू लागले. रमाताई मागे असत आणि दादा वळून वळून त्यांच्या पिशवीकडे पाहत. आत कॅमेरा असणार, असा त्यांना वहीम.

तिसऱ्या आठवड्यात माझी वाटी त्यांना घासू लागली. फोड आला, फुटला. दोष माझाच, पण मी सांगणार कसा? दादांनीही दुखणे लपवले. गुरुवारी रमाताईंना रक्ताचा डाग दिसला. त्यांनी घाईघाईने मोबाईल काढून जखमेचा फोटो घेतला.

"फोटोसाठीच येऊन राहिली होती ना तू? नीघ इथून!"

दादांनी मला ओढून काढले आणि अंगणात भिरकावले. रमाताई काही सांगू पाहत होत्या; दादांनी दार लावून घेतले. माझे पाऊल फाटले. विमलाबाईंनी मला उचलून कपाटावर टाकले. आठवडाभर मी धूळ खात पडलो. आता ताई कसल्या येतात, असेच मला वाटले.

पण गुरुवारी त्या आल्या. सोबत मला घडवणारे कारागीर दयाराम होते. ताईंनी दारातच मोबाईल विमलाबाईंच्या हाती दिला.

"पाहा, दीदी. फोटो फक्त दयारामभैयांना पाठवला होता, वाटी कुठं घासते ते दाखवायला. पण दादांना आधी विचारायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

विमलाबाईंनी बराच वेळ मोबाईल पाहिला. मग बाजूला होऊन दोघांना आत घेतले.

दयाराम जमिनीवर बसले, जखमेच्या कडेने बोट फिरवले. "हव भैया, गलती हमारी है. नाप में चूक हो गई."

दादा खाली पाहत म्हणाले, "दुखते, हे मीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पाय परत नेला असता तुम्ही, असं वाटलं मले."

रमाताईंचे डोळे भरून आले. माझेही आले असते.

जखम भरली, मला नवी वाटी, नवे पाऊल मिळाले. पुढे दादा नव्या जवानांना शिकवू लागले. शिडीची एकेक पायरी आम्ही दोघे चढत असू. "जळत्या घरात भिंतीचा भरवसा करू नका, आधी भेगा पाहा," असे ते बजावत. जवान त्यांना सलाम करत, तेव्हा मीही ताठ उभा राही.

चार वर्षांनी मी झिजलो. दादांना दुसरा पाय मिळाला आणि मी पुन्हा कपाटावर आलो. त्याची तक्रार नाही.

मात्र एक विनंती आहे. मित्रांनो, मोठी इजा झालेला माणूस तुमच्याकडे संशयाने पाहू लागला, तर त्याला कृतघ्न म्हणू नका. मदत करण्याआधी त्याला विचारा. आणि त्याने दार लावून घेतले, तर ते पुन्हा एकदा वाजवा.