जो गैरहजर, तो प्रतिनिधी

त्या वसाहतीच्या वार्षिक सभेला जेवढी गर्दी होई, तेवढी शहरातल्या दुसऱ्या कुठल्याही वसाहतीच्या सभेला होत नसे. अंगात ताप असलेली माणसं शाल पांघरून येत. परगावी गेलेली माणसं स्टेशनवरून बॅगांसकट थेट सभागृहात शिरत. एका गृहस्थांनी तर सभेची तारीख कळल्यावर मुलीचं लग्न आठवडाभर पुढे ढकललं होतं. बाहेरून आलेले पाहुणे हे सगळं बघून भारावत आणि म्हणत, नागरिक असावेत तर असे.

पाहुण्यांना एवढंच ठाऊक नसे की महापालिकेच्या प्रभाग समितीवर प्रत्येक वसाहतीने दरवर्षी आपला एक प्रतिनिधी पाठवायचा असतो, आणि तो निवडायची या वसाहतीची एक ठरलेली पद्धत होती. सभेला जो गैरहजर राहील, तो प्रतिनिधी. म्हणून सगळे हजर.

तरीही दरवर्षी कोणी ना कोणी सापडेच. आदल्या वर्षी गाडी चालवायला शिकवणारे गुरुजी सापडले होते, कारण ऐन वेळी त्यांचीच गाडी चालू होईना.

खालच्या आळीतल्या म्हाताऱ्यांना मात्र या पद्धतीतून सूट होती. वसाहत होती टेकडीच्या उतारावर. सभागृह, बाजार आणि बस वरच्या आळीत. खालच्या आळीत घरं आणि पाणी तुंबलेली गटारं. दोन्हींच्या मध्ये दगडी पायऱ्यांची एक लांबलचक रांग, झिजलेली आणि बिनकठड्याची. म्हाताऱ्यांना ती चढवत नाही, तेव्हा त्यांना हजरही धरायचं नाही आणि गैरहजरही धरायचं नाही, असं वसाहतीने निव्वळ माणुसकीच्या भावनेतून ठरवलं होतं.

आपल्या गोष्टीतला दातांचा डॉक्टर खालच्याच आळीत राहायचा. घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना, मागच्या खोल्यांत तो, बायको आणि आई. सभेत सगळ्यांत जास्त तक्रारी करणारा माणूस म्हणून त्याचा लौकिक होता. महापालिका खालच्या आळीचा अपमान करते, असं तो दरवर्षी उभं राहून सांगे, आणि पुराव्यादाखल बाकांचं उदाहरण देई. दरवर्षी पालिकेकडून खालच्या आळीत हिरवे लोखंडी बाक येत. कोणी मागितलेले नसताना येत. आता आळीत बसायला इतकी जागा झाली होती की चालायला उरली नव्हती. डॉक्टरचं भाषण लोकांना आवडे. टाळ्या वाजत, आणि सभा पुढच्या विषयाकडे वळे.

त्या वर्षी डॉक्टर सभेला निघणार, तोच गाल धरून गुरुजी दारात उभे. दाढ ठणकत होती. डॉक्टरने घड्याळाकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं, आणि पाचच मिनिटांचं काम आहे असं समजून दाढेला हात घातला. दाढ त्याच्या मताची नव्हती. ती अर्धी बाहेर, अर्धी आत अशी अडून बसली असताना फोन वाजला. पलीकडे वसाहतीचे अध्यक्ष होते.

“अभिनंदन, डॉक्टर. एकमताने.”

चिमटा तसाच हातात धरून डॉक्टर खाली बसला. गुरुजींना तोंडात कापूस असल्यामुळे सांत्वन करता आलं नाही. पण त्यांच्या डोळ्यांत जी चमक होती, ती दुखण्याची नव्हती. त्यांचं वर्ष संपलं होतं, आणि मावळत्या प्रतिनिधीची गैरहजेरी सभा धरत नसे. कापूस काढल्यावर त्यांनी अनुभवाचे दोन शब्द सांगितले. त्यांचा सारांश असा, की काळजी करू नका, वर्षभरात मी एकदाही गेलो नाही, आणि कोणाला कळलंही नाही.

रात्रीच्या जेवणाला डॉक्टर राजीनाम्याची कारणं शोधत बसला. पाठदुखी चालेल का, की दवाखान्याची वेळ चांगली, याचा तो बायकोशी खल करत होता. आई शेजारी मुकाट जेवत होती.

आई टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झालेली. जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, स्वतः मध्ये बोलायची सोय नव्हती. ती उणीव निवृत्तीनंतर भरून काढायचं तिने ठरवलं होतं, पण गुडघ्यांनी दगा दिला. वर जाऊन तिला दोन वर्षं झाली होती. आता ती खिडकीशी बसे, आणि वरच्या आळीतल्या मैत्रिणीशी रोज दुपारी फोनवर बोले. डॉक्टर म्हणायचा, आईला घरीच बरं वाटतं. आईला कोणी विचारलं नव्हतं.

“राजीनाम्यात काय लिहितोस?” तिने विचारलं.

“पाठदुखी.”

“खरं ते लिही ना. लिही की मला भाषण करायला आवडतं, पण टाळ्या वाजवणाऱ्यांसमोरच.”

डॉक्टरने घास तसाच ठेवला. म्हणाला, “आई, तिथे जाऊन काय होणारे? पालिका आपलं ऐकते का कधी? बाक बघ ना.”

“अरे, एक्सचेंजमध्ये रोज एकतरी माणूस भांडायला यायचा. म्हणायचा, तुमची लाइन खराब आहे, मला कोणाचा फोनच येत नाही. बघायला गेलं तर हा घरात घंटी वाजली की उशी ठेवायचा फोनवर. तुमची वसाहत तेच करते. दरवर्षी एक उशी निवडते.”

“म्हणजे मी उशी?”

“ते तू ठरव. दिवसभर लोकांना म्हणतोस, तोंड उघडा, घाबरू नका. एकदा आरशासमोर म्हणून बघ.”

बायको इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि राजीनामा त्या ठसक्यात वाहून गेला.

प्रभाग समितीची बैठक पालिकेच्या जुन्या इमारतीत, एका लांबट खोलीत होती. टेबलाभोवती खुर्च्या, प्रत्येक खुर्चीसमोर वसाहतीच्या नावाची पाटी. डॉक्टरला आपल्या वसाहतीची पाटी सापडली, खुर्ची सापडली नाही. तिच्यावर सगळ्यांच्या छत्र्या आणि चहाचा थर्मास होता. शिपाई गोंधळून म्हणाला, “तुम्ही बसणार? इथे? आजपर्यंत कोणी बसलं नाही.” मग त्याने सन्मानपूर्वक थर्मास उचलला.

छत्र्यांनी ओल्या झालेल्या त्या खुर्चीवर बसून डॉक्टरने आयुष्यातली पहिली बैठक ऐकली, आणि त्याचं एक मोठं दुःख नाहीसं झालं. पालिका त्याच्या आळीचा अपमान करत नव्हती. प्रभागाला निधी येई, प्रत्येक वसाहतीचा माणूस आपली निकड सांगे, भांडाभांडी होई, वाटणी होई. या वसाहतीची पाळी आली की समोर थर्मास. समिती चांगल्या माणसांची होती. कोणाला काही न देणं त्यांना प्रशस्त वाटेना. मग कोणीतरी म्हणे, बाक देऊ या, बाक कोणालाही लागतातच. पूर्वेकडच्या वसाहतीची प्रतिनिधी शाळेत शिकवणारी होती. तिने डॉक्टरला आपुलकीने विचारलं, “आवडले ना बाक? रंग मी निवडला होता.”

डॉक्टर म्हणाला, रंग छान आहे. 

समितीने सांगितलं, महिन्याभरात वसाहतीतल्या लोकांनी एकमेकांशी बोलून एक काम ठरवून आणावं. डॉक्टरने परत येऊन अध्यक्षांना निरोप दिला. अध्यक्षांच्या मनात काम तयारच होतं. वसाहतीच्या तोंडाशी, वरच्या रस्त्यावर, एक भव्य कमान. अध्यक्षांना ठराव मांडण्याचा व्यासंग होता, आणि कमानीचा ठराव त्यांनी इतक्यांदा मंजूर करून घेतला होता की काही लोकांना ती बांधून झाली असंच वाटे. डॉक्टरने पायऱ्यांचं नाव काढलं: कठडा, आणि बाजूने वळणावळणाने चढणारा सोपा उतार. अध्यक्ष म्हणाले, सभेत मांडा, सभागृहात मतं घेऊ.

आईने हे ऐकलं आणि एवढंच विचारलं, “ज्यांना चढवत नाही, ते मत द्यायला चढून येणार का?”

 इतकी वर्षं डॉक्टर त्या सभागृहात खालच्या आळीबद्दल भाषणं करत आला होता, आणि पायऱ्यांपायी अडलेलं एकही माणूस ते ऐकायला तिथे नव्हतं. त्याच्याही हे लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने जाहीर केलं की सभा खालच्या आळीत होईल. वरच्या आळीत खळबळ माजली. खाली पंखे नाहीत, ध्वनिक्षेपक नाही, परंपरा नाही. डॉक्टर शांतपणे म्हणाला, “ठीक आहे. मी राजीनामा देतो. तुम्ही दुसरा प्रतिनिधी बघा.” सभा खालच्या आळीत घ्यायला दोन मिनिटांत सर्वांची संमती मिळाली.

रविवारी संध्याकाळी लोक पायऱ्या उतरून आले आणि बाकांवर बसले. सगळे बसले तरी बाक उरले. खालच्या आळीतले म्हातारे आपापल्या घरातून निघून पहिल्यांदाच सभेला आले, काही काठीने, काही नातवंडांच्या खांद्यावर हात ठेवून. वरच्या लोकांना नवल वाटलं, की इतके म्हातारे आपल्याकडे आहेत!

अध्यक्षांनी कमानीची बाजू मांडली. वसाहतीला ओळख हवी, मान हवा, येणाऱ्याला कळलं पाहिजे की आपण कुठे आलो. डॉक्टरने पायऱ्यांची मांडली. गुरुजींना कमानीखालून वळण घ्यायची धास्ती होती, ती त्यांनी तपशीलवार सांगितली. वाद रंगला. वरच्या आळीची डोकी जास्त, त्यामुळे पारडं कमानीकडे झुकत चाललं, आणि डॉक्टरचा आवाज बारीक होत गेला. आई पहिल्या बाकावर बसली होती. दोन वर्षांच्या खिडकीतून आता सुटका नाही, असं तिच्या चेहऱ्यावर उमटून गेलं, आणि तिने पदर सारखा केला.

इतक्यात पायऱ्यांवरून कोणीतरी बेतानं खाली येताना दिसलं. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, भिंतीला हात लावत. अध्यक्षांची बायको होती. अध्यक्ष धावले.

“अगं, तू कशाला आलीस? पडली असतीस.”

ती पुढे आली आणि थेट डॉक्टरच्या आईसमोर उभी राहिली. रोज दुपारी फोनवर असणारी मैत्रीण हीच.  मग डॉक्टरची आई म्हणाली, “अगं, किती पांढरी झालीस तू! फोनवर तर सांगत होतीस, केस काळेच आहेत.”

“आणि तू म्हणालीस बारीक झालेय.”

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसायला लागल्या, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या.  अध्यक्षांना काही समजेना.

“पण तू तर रोज बोलतेस हिच्याशी,” ते म्हणाले. “मला वाटायचं तुला फोनच आवडतो.”

“अहो, मला ही आवडते. फोन कशाला आवडेल? दोन वर्षांत उतरले नाही, गुडघ्यांनी उतरू दिलं नाही. आज सभा खाली आहे म्हणून जीव मुठीत धरून आले.”

“मग कधी बोलली का नाहीस?”

“तुमचे सगळे ठराव मी पाठ केलेत. त्यात मला विचारायचा ठराव नव्हता.” मग ती सभेकडे वळली. “कमान बांधा. चांगली बांधा. पण आधी आत राहणाऱ्यांना एकमेकांकडे जाता येऊ दे. आणि आता मला वर कोण नेणार, तेही सभेनेच ठरवावं.”

अध्यक्षांनी त्या पायऱ्यांकडे पाहिलं. वसाहतीच्या कामासाठी कितीतरी वेळा उतरले-चढले असूनही त्या त्यांना आज पहिल्यांदा दिसत होत्या. मग त्यांनी जन्मात पहिल्यांदा स्वतःचा ठराव मागे घेतला. पुढच्याच श्वासात पायऱ्यांचा नवा ठराव मांडला, कारण सवय होती. हात वर झाले. म्हाताऱ्यांचेही झाले, आणि या वेळी ते मोजले गेले. अध्यक्षांच्या बायकोला खुर्चीत बसवून गुरुजींनी आणि तीन जणांनी वर नेलं. गुरुजी वाटभर सूचना देत होते.

समितीत डॉक्टर बोलायला उभा राहिला आणि त्याने तोंड उघडलं. पूर्वेच्या शिक्षिकेने पाठिंबा दिला, फक्त तिच्या वसाहतीला बाकांची फार टंचाई होती. डॉक्टरने उदारपणे हवे तेवढे देऊ केले. काम मंजूर झालं, आणि पावसाळ्यानंतर पुरंही झालं. ज्या दिवशी कठड्याचा रंग वाळला, त्या दिवशी डॉक्टरची आई हळूहळू वर गेली, मैत्रिणीकडे चहा प्यायली, आणि अंधार पडला तरी परतली नाही. घरी फोन करून तिने कळवलं की आता फोन करू नका, आम्ही बोलतोय.

पुढच्या वार्षिक सभेला बरीच माणसं आली नाहीत. आता भीती राहिली नव्हती. जे आले, ते काहीतरी मागायला आले होते. प्रतिनिधी कोण, असा प्रश्न निघाल्यावर डॉक्टर खाली मान घालून, नको नको म्हणायच्या तयारीत, आपलं नाव पुकारलं जायची वाट बघत होता. एवढ्यात आई उठली. म्हणाली, मी उभी आहे. अध्यक्षांच्या बायकोने अनुमोदन दिलं. पहिल्यांदाच त्या सभेत दोन उमेदवार झाले, आणि डॉक्टर पडला. जो माणूस वर्षापूर्वी पाठदुखी शोधत होता, त्याला हरल्याचं चांगलंच वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय याचा मनातून आनंदही झाला.

तेव्हा नागरिकहो, आपल्या वतीने बोलायला आपण कोणाला पाठवतो, याचा विचार करू या. जो हाती लागला त्याला पाठवलं, तर तो गप्प बसणार. आणि आपली निकड आपण सांगितली नाही, तर चांगली माणसंसुद्धा आपल्याला बाकच देणार. त्याहून मोठी गोष्ट ही, की जे सभेला येत नाहीत त्यांच्यावर रागावण्याआधी त्यांना येता येतं का, हे जाऊन बघावं. येता येत नसेल, तर सभेने त्यांच्याकडे जावं. तिला गुडघे नसतात.

त्या रात्री जेवताना डॉक्टरने नव्या प्रतिनिधीपुढे गटारांचा विषय काढला. इतकी वर्षं पाणी तुंबतंय, कोणी लक्ष देत नाही, वगैरे. प्रतिनिधीने शांतपणे घास संपवला.

“सभेत ये आणि सगळ्यांसमोर सांग,” ती म्हणाली. “घरी बसून गाऱ्हाणी ऐकायला मी काय तुझी आई आहे?”