उघड्या डोळ्यांची प्रार्थना

अकोल्याची ढाल आमच्या शाळेत आली ती माझ्या सुरामुळे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी बढाई मारली असं कुणी म्हणायला नको. बढाई आहेच!

मी सलोमी. अमरावतीला नववीत शिकते आणि आमच्या खो-खोच्या संघात सगळ्यांत उंच मीच. म्हणून मनकर्णाबाईंनी, म्हणजे आमच्या खेळाच्या बाईंनी, मला खांबाला लागून असलेली शेवटची जागा दिली. पळणारी मुलगी खांबाकडं वळली, की तिथं बसलेलीनं पाठीवर खो पडताच उठायचं, एका हातानं खांब धरायचा, अख्खं अंग हवेत झोकायचं आणि दुसऱ्या हातानं तिला गाठायचं. याला म्हणतात सूर. माझा सूर पाहायला शेजारच्या शाळेतल्या मुली कुंपणाशी उभ्या राहायच्या.

पोळ्याच्या सुमारास सरावात माझा हात खांबावरून निसटला. मी खांद्यावर आपटले आणि गळ्याखालचं हाड मोडलं. आई मिशनच्या दवाखान्यात नर्स आहे. तिनंच माझा हात झोळीत बांधला, आणि हाड जुळल्यावर तिनंच झोळी सोडली. डॉक्टर म्हणाले, आता खुशाल खेळ. पण खांब जवळ आला की कानात तो 'कट्' असा आवाज व्हायचा आणि पाय आपोआप थबकायचे. मी धावत जाऊन खांब धरून नुसती उभी राहायची.

"सलोमे, त्या खांबाले काहून मिठी मारून राहिली?" जमुना ओरडायची. ती आमची कप्तान, नांदगाव खंडेश्वरची. तिची जीभ विळ्यापेक्षा धारदार. "तो काही पळून नाही चालला. पोरीले पकड ना!"

मी काय करणार? प्रार्थना करायची. आमच्या घरी प्रार्थना म्हणजे हात जोडायचे, मान खाली घालायची आणि डोळे गच्च मिटायचे. लहानपणी रविवारच्या शाळेत मी एक डोळा किलकिला केला, की डोक्यात टपली बसायची. अशा टपल्या खाऊन खाऊन ती सवय माझ्या हाडात मुरली होती. मोडलेल्या हाडातसुद्धा.

आणि त्या सवयीनंच अकोल्यात माझी फजिती केली.

नाताळ नुकताच उरकला होता. जठारपेठेजवळच्या मैदानावर अंतिम सामना होता, अकोल्याच्या मुलींशी. कुणी भिंतीवर बसलेलं, कुणी सायकलींवर उभं. आमच्याबरोबर मलमपट्टीसाठी शाळेनं आईलाच आणलं होतं. पहिल्या डावात पाठलागाची पाळी आमची आली. मी खांबाजवळ बसले. लाल रिबीनवाली त्यांची एक मुलगी सरसर माझ्याच बाजूला येऊ लागली. मी हात जोडले. मान खाली. डोळे बंद. 'प्रभू येशू, माझी भीती काढून घे, मला...'

"खो!"

पाठीवर थाप पडली ती आमच्याच संघातल्या पंचफुलाची. मी डोळे उघडले तेव्हा लाल रिबीन खांबाला वळसा घालत होती. दचकून उठले, धावले, खांब धरला आणि थांबले. ती पलीकडून मला वेडावून निघूनही गेली.

भिंतीवरून कुणीतरी ओरडलं, "अवो पादरीनबाई, झालं का आमेन?"

मग काय, अख्खी भिंत सुरू झाली. मी बसले की "आमेन!" मी उठले की "आमेन!" माझे कान तापून लाल झाले.

पहिला डाव संपला तेव्हा अकोला पुढं होतं. मनकर्णाबाई मला म्हणाल्या, "सलोमी, दुसऱ्या डावात तू मध्ये बस. खांबाजवळ पंचफुला बसेल." आवाज रागाचा नव्हता. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. ती जागा गेली, की ती पुन्हा मिळायची नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आईनं पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला. "तिथं बसून काय करून राहिली होती तू?"

"प्रार्थना."

"डोये मिटून?"

"मग काय उघडे ठेवून करतात?"

"परवा या पंचफुलाच्या भावाले म्या सुई देली. तवाबी प्रार्थनाच करत होती मी. डोये मिटले असते तं?"

पंचफुला शेजारीच चिंचा चोखत बसली होती. ती खुदकन हसली. "सुई खाटेले टोचली असती, नर्सबाई!"

"हसू नको वो," मी रडवेली झाले. "आई, मला भीती वाटते. इतकं मागते तरी जात नाही."

"माही तरी कुठं गेली? सुई हातात घेतली की रोज भीती वाटते. प्रभू संगं उभा रायते, पण टोचा लागते मलेच, अन् पाहून टोचा लागते. भीतीले घेऊन जाय संगं."

"पुन्हा हाड मोडलं तर?"

"तर मी बांधीन. मागं बांधलं का नाही? हाड मोडणार नाही, असं देवानं कधी म्हटलं नाही, सलोमे. एकटी सोडणार नाही, एवढंच म्हटलं."

मी तांब्या खाली ठेवला आणि मनकर्णाबाईंकडं गेले. "बाई, मला खांबाजवळच बसू द्या."

बाईंनी जमुनाकडं पाहिलं. मागून पंचफुला म्हणाली, "बसू द्या ना तिले, बाई. मले चिंचेनं आंबल्या दातांनी सूर नाही जमत."

जमुनानं डोळे फिरवले. "बस. पण पुन्हा झोपली, तर तुले उचलून त्या भिंतीवर नेऊन ठेवीन."

दुसऱ्या डावात आमच्या मुली वाऱ्यासारख्या पळाल्या. शेवटी पाठलागाची पाळी आमची, आणि बघता बघता बरोबरी झाली. आता एक गडी बाद झाला की ढाल आमची. पंच शिट्टी तोंडाजवळ धरून घड्याळाकडं बघत होते. मैदानात एकटी उरली होती लाल रिबीनवाली, आणि ती माझ्याच बाजूला येत होती.

भीती आली. तीच, तेवढीच. पण या वेळी मी डोळे टक्क उघडे ठेवले.

'प्रभू, मी भ्याले आहे. ती डावीकडं झुकते आहे. तू आहेस ना? आता तिनं पाय बदलला. ती खांबाकडं येणार. तू आहेस. मी बघते आहे.'

"खो!"

मी उठलेच होते जणू, इतकी झटकन सुटले. डाव्या हातात खांब आला. कानात 'कट्' वाजलं, अगदी स्पष्ट. वाजू दे! मी पाय सोडले.

मग हवा. मग काळी माती, तोंडात, नाकात, दातांखाली करकरणारी. आणि माझ्या उजव्या हाताच्या बोटांना लागलेली तिची टाच.

शिट्टी वाजली.

भिंतीवरून तोच मघाचा आवाज आला, "आमेन, पादरीनबाई, आमेन!" आणि अख्खी भिंत टाळ्या पिटू लागली. अकोल्याची माणसं, माझ्यासाठी! जमुनानं मला मातीसकट उचललं. आई धावत आली ती आधी माझा खांदा चाचपायला. हाड शाबूत होतं. ढोपरं मात्र सोलून निघाली होती. त्यांवर तिनं आयोडिन लावलं, तेव्हा मी मनकर्णाबाईंच्या देखत किंचाळले. सुराला नाही, आयोडिनला.

रविवारी अमरावतीला उपासनेत पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला पुढं बोलावलं. एरवी मी वचन पाठ म्हणतानासुद्धा अडखळायची. त्या दिवशी सगळ्या मंडळीसमोर सगळं सांगितलं. लाल रिबीन, भिंत, आमेन, काही गाळलं नाही. मागच्या बाकावर जमुना आणि पंचफुला बसल्या होत्या. माझ्यासाठी पहिल्यांदाच आमच्या देवळात आल्या होत्या, आणि मधूनमधून मान डोलावून ग्वाही देत होत्या.

"आता प्रार्थना करू या," पाळकसाहेब म्हणाले. "आणि सलोमी, इथं डोळे मिटलेस तरी चालेल."

सगळी मंडळी हसली आणि माना खाली गेल्या. मीही हात जोडले, डोळे मिटले. पण राहवलं नाही. एक डोळा किलकिला केला.

समोर बायकांच्या ओळीत आई बसली होती. तिची मान ताठ होती, दोन्ही डोळे उघडे होते, आणि ती माझ्याकडंच बघत होती.