पाठमोरी

जनाने शहाजादीचे दोन्ही खांदे धरून तिला दाराकडे वळवलं, दोन पावलं पुढे सारलं आणि मागे येऊन नीट न्याहाळलं.

"इतकं वाकू नका, आपा. डोक्यावर बोचकं हाय. वाकलं तर पडंल."

शहाजादी ताठ झाली. नसलेलं बोचकं तिने एका हाताने सावरलं. पन्नाशीची, अंगाने भरलेली बाई. खालापूरच्या सल्ला केंद्रात बारा वर्षं लोकांचे संसार सांधत आलेली. अशा बाईला कुणाचीही आई व्हायला सांगितलं की ती होते. तीन दिवसांत ती चौघांची आई झाली होती, एकाची सासूही.

कर्जतच्या बाहेर, नदीच्या काठी असलेल्या त्या केंद्रात चौदा जण चार दिवसांसाठी आले होते. आश्रमशाळांचे शिक्षक, वसतिगृहांच्या अधीक्षिका, दोन-तीन समुपदेशक. पत्रात लिहिलं होतं, 'सायकोड्रामा व गटकार्य प्रशिक्षण'. पत्र वाचून जनाने ठरवून टाकलं होतं की पडद्यावर चित्रं दाखवतील, एक फाइल देतील, आणि दुपारी जेवणानंतर सगळे डुलक्या घेतील. इथे आली तर ना टेबल, ना फाइल. जमिनीवर चटया. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला झाड व्हायला सांगितलं. "अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली, तेवढं झाड व्हायचं राहिलं होतं," असं म्हणत किशोर गुरुजी चिंच झाले होते.

शिकवायला पुण्याहून संजनाताई आल्या होत्या. आखूड पांढरे केस, अनवाणी पाय, कशाची म्हणून घाई नाही. त्यांचे नियम दोनच. घडलेलं सांगायचं नाही, करून दाखवायचं. आणि आपल्या गोष्टीत जी जी माणसं असतील, त्यांच्या जागी एकेकदा स्वतः उभं राहायचं, तिथून बोलायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी विचारलं होतं, कुणाचा एखादा क्षण अडकून राहिलाय का? कुणी उठेना. जनाला शांतता सोसत नाही. ती सांभाळते त्या ऐंशी मुलींच्या वसतिगृहात शांतता झाली की समजावं, कुठेतरी काहीतरी बिघडलंय. म्हणून ती उठली. उठल्यावर लक्षात आलं की आता काहीतरी करून दाखवावं लागणार.

"वसतिगृहाचं फाटक," तिने दाराकडे बोट केलं. "दिवाळीची सुट्टी संपलीय. मी सहा वर्षांची. आय मला सोडायला आलीय. ती आणि बाबा भट्टीवर निघालेत, विटा पाडायला, कल्याणच्या पलीकडं. रस्त्यावर मुकादमाचा ट्रक उभा हाय."

ट्रक कोण, असा प्रश्न आला. किशोर गुरुजींनी हात वर केला आणि दारापाशी जाऊन मन लावून घरघर सुरू केली. मंडळी हसली. जनाही हसली. जमेल आपल्याला, असं तिला तेवढ्यापुरतं वाटलं.

"मग काय होतं?" संजनाताईंनी विचारलं.

"मग ती जाते."

शहाजादी निघाली. बोचकं सावरत, एकेक पाऊल टाकत दारापर्यंत गेली, ट्रकमध्ये चढली. किशोर गुरुजींनी गिअर टाकला. आणि जना, बेचाळीस वर्षांची, सरकारी नोकरीतली, कागदपत्रांत कुणाच्या बापाचं न ऐकणारी जना, चटईवर उभ्या उभ्या दोन्ही हातांनी स्वतःच्या कुर्त्याचा काठ धरून राहिली.

"काय झालं?"

"तिनं मागं नाय बघितलं," जना म्हणाली. "एकदा पण नाय. मी बघत होते. वळंल म्हणून बघत होते. ट्रक वळणावर गेला तरी."

छत्तीस वर्षं झाली होती. त्यानंतर आई पावसाळ्याआधी परत आली होती, दर वर्षी यायची. सुट्टीत जना वाडीवर जायची, आईच्या कुशीत झोपायची. विचारता आलं असतं. आधी रागाने विचारलं नाही, मग मोठी झाल्यावर लाजेने. दहावीच्या वर्षी आई तापाने भट्टीवरच गेली, आणि प्रश्न जनाकडे राहिला. तो तिने कुणाला सांगितला नव्हता. एवढीशी तर गोष्ट. आई चांगली होती, मारत नव्हती, असेल ते आधी पोरांच्या ताटात वाढायची. पण तिने मागे वळून बघायला हवं होतं, असं जनाला अजून वाटायचं. भाजी निवडताना वाटायचं, हजेरी घेताना वाटायचं.

"आता जागा बदला," संजनाताई म्हणाल्या. "आपा, तुम्ही छोटी जना. जना, तू आई."

शहाजादी चटईवर आली आणि कुर्त्याचा काठ जनाने धरला होता तसाच धरून उभी राहिली. जनाने डोक्यावर बोचकं घेतलं. दाराकडे तोंड केलं. चालायला लागली. चौथ्या पावलाला संजनाताई तिच्या बरोबरीने चालू लागल्या आणि हलक्या आवाजात बोलल्या, जसं वाटेतल्या कुणा बाईशी बोलावं.

"पोरीला सोडलंत?"

"सोडली."

"लहान आहे."

"सहाची हाय. शिकंल. भट्टीवर धुरात ठेवून काय करू तिला?" आवाज जनाचाच होता, पण सतरा वर्षांच्या नोकरीत घासूनपुसून घेतलेलं बोलणं त्यातून पार गळून गेलं होतं.

"मागं उभी आहे ती. बघत नाही तिच्याकडं?"

जना थांबली. बोचक्यावरचा हात तसाच.

"बाई नको म्हनली."

"कोण बाई?"

"हाष्टेलातली... वसतिगृहातली बाई. ती बोलली, मागं बघू नको. बघितलं का पोर रडते, आन मंग तीन दिस जेवत नाय. सरळ निघून जा, सवय लागते."

सगळं एका दमात, जराही न अडखळता आलं. किशोर गुरुजींची घरघर कधीच बंद पडली होती. संजनाताईंना वाटलं असावं, जनाला आठवलं. मंडळींनाही तसंच वाटलं. मागे कुणीतरी डोळे पुसले.

जनाला काही आठवलं नव्हतं. त्या दिवशी बाई आईशी काय बोलल्या हे तिने ऐकलंच नव्हतं, ती तेव्हा फाटकाच्या गजाला धरून उभी होती. हे शब्द तिला पाठ होते ते वेगळ्याच कारणाने. गेली सतरा वर्षं, दर जूनला आणि दर दिवाळीनंतर, फाटकात उभी राहून ती स्वतः हे प्रत्येक आईला सांगत आली होती. याच क्रमाने, तीन दिवसांसकट. नवीन लागली तेव्हा जुन्या बाईंनी तिला शिकवलं होतं. त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. चांगल्या मनानेच शिकवलं होतं, आणि खोटं काहीच नव्हतं त्यात. पोरी खरंच रडायच्या.

तिला एकदम उन्हात चालून आल्यासारखं झालं. आईला कुणी थांबवलं असेल हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आपली सोडून सगळ्यांच्या आया बाईंनी सांगितलं म्हणून वळत नाहीत, आणि आपली तेवढी स्वतःच्या मनाने वळली नाही, असं धरून ती चालली होती. शहाणी म्हणवणारी बाई, आणि आपल्याच फाटकातलं दिसलं नाही.

"बसायचं का जरा?" संजनाताईंनी विचारलं.

"नको."

"मग एक करू या. जे तेव्हा झालं नाही ते आज इथं होऊ शकतं. आपा पुन्हा आई होतील. जातील, आणि फाटकातून मागं बघतील. तू तुझ्या जागी उभी राहा. चालेल?"

शहाजादी दारापाशी जाऊन उभी राहिलीही. पाठ करून. पाठ चांगली मोठी होती, आईची तर काटकी होती, तरी त्या ताठ मानेत काहीतरी तसंच होतं. जना चटईवर आली. शहाजादीचा खांदा वळायला लागला.

"नको!" जना म्हणाली. "आपा, वळू नका."

शहाजादी तशीच थांबली.

"वळल्या तर तोंड तुमचं दिसंल." जना पाठीकडेच बघत म्हणाली. "आयचा फोटो नाय माझ्याकडं. कुणी काढलाच नाय. मला तिचं तोंड नीट आठवत नाय आता. पाठ आठवते. तुमचं तोंड बघितलं तर मग तेच राहील."

संजनाताईंनी मान हलवली आणि तिला तिथेच थांबू दिलं. जनाने त्या पाठीकडे पोटभर बघून घेतलं.

नंतर नेहमीप्रमाणे सगळे गोल करून बसले. असं काही झालं की सल्ला द्यायचा नाही, आपल्या आयुष्यातलं सांगायचं, असा तिथला रिवाज. शहाजादी म्हणाली, "माझी इल्मा कतारला गेली तेव्हा मी विमानतळावर काचेला नाक लावून दीड तास उभी होते. ती फोनवर बोलत बोलत आत गेली. पोरी पण बघत नाहीत गं."

शेवटी, ज्याने जे सोंग घेतलं ते अंगावरून झटकून मोठ्याने बोलून उतरवायचं असतं, नाहीतर माणूस ते घरी घेऊन जातो. शहाजादीने खांदे झटकले, हात झटकले. "मी जनाची आई नाही. मी शहाजादी," ती म्हणाली. तिचं बरोबरच होतं. तरी जनाला ते लागलं. आणि तिची पाळी आली तेव्हा, "मी आई नाही, मी जना," एवढं ती म्हणाली. आणखी जे एक सोंग होतं, फाटकातल्या बाईचं, त्याबद्दल तिने कुणाला काही सांगितलं नाही. ते सोंग कुठे होतं? ती तिची नोकरी होती.

सोमवारी वसतिगृह उघडलं. सकाळी नऊपासून फाटकावर वर्दळ. भाताची कापणी उरकून वाड्यांवरची माणसं भट्ट्यांकडे निघालेली. रस्त्याकडेला दोन टेंपो उभे, त्यांत भांडी, कोंबड्या, गोधड्या, म्हातारी माणसं. आया पोरींना घेऊन यायच्या, जना वहीत नाव लिहून घ्यायची, पेटी आत जायची, आणि आई पाठ करून चालू लागायची. जनाने आज कुणाला काहीच सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती. एक गेली, दुसरी गेली, पाचवी गेली. एकीनेही मागे बघितलं नाही. सतरा वर्षांची शिस्त, दृष्ट लागावी अशी.

जना नावं लिहीत राहिली. इतकी वर्षं जे सांगितलं ते चुकलं म्हणावं, तर पोरी रडणार, स्वयंपाकघरात ताटं तशीच राहणार, ते कोण निस्तरणार? प्रशिक्षण चार दिवसांचं असतं, नोकरी रोजची.

साडेदहाच्या सुमाराला रूपाली आली. याच वसतिगृहात आठवीपर्यंत शिकलेली. दहा वर्षांची असताना तिची आई निघाली तेव्हा तिचं मनगट जनानेच धरून ठेवलं होतं. आता तिच्या बोटाला तिची मुलगी होती, कमळी, दोन वेण्या, लाल रिबिनी, नवा फ्रॉक.

"पहिलीत घातलीय, बाई. जूनात ताप होता म्हणून राहिली." रूपालीने पोरीचा हात जनाच्या हातात दिला. मग शहाण्यासारखी म्हणाली, "निगते. मागं नाय बघायची मी, ठाव हाय मला."

आणि निघाली. डोक्यावर पातेल्यांचं गाठोडं, मान ताठ. कमळी रडत नव्हती. ती नुसती बघत होती, तोंड थोडं उघडं ठेवून. तिच्या मनगटातली नाडी जनाच्या बोटांना लागत होती. रूपाली फाटकाबाहेर पडली, रस्ता ओलांडला, टेंपोपाशी पोचली. कुणीतरी वरून गाठोड्याला हात दिला.

"रूपाली!"

रूपाली थांबली. वळली नाही.

"काय, बाई?" पाठमोरीच ओरडली.

"मागं बघ."

"पोर रडंल ना."

"रडू दे. तू बघ."

रूपाली क्षणभर तशीच उभी राहिली, ऐकलं ते खरं की काय असं वाटून. मग वळली. तिचा चेहरा ओला होता. आत्ताचा नव्हे, फाटकापासूनचा. खालचा ओठ दातांत धरलेला होता.

कमळीने गळा काढला. पाय आपटले, जनाच्या हाताला चावा घेतला, आईकडे धावायला बघू लागली. टेंपोतल्या बायका बोलायला लागल्या. स्वयंपाकीण अंबाबाई ओला हात कमरेला लावून व्हरांड्यात आली.

"काय केलंत ओ बाई! आता तीन दिस जेवायची नाय ही."

कमळीला जनाने उचलून कडेवर घेतलं, आईला दिसेल अशी. पण ती स्वतः कमळीकडे बघत नव्हती, रूपालीच्या तोंडाकडे बघत होती. रस्त्यापलीकडे रूपालीने ओढणीचं टोक डोळ्यांकडे नेलं.

"पुसू नको गं," जना ओरडली. "थांब जरा तशीच."