आजीच्या खुर्चीखाली

गाडी लावलीत? रेषेच्या आत लागली ना? मग आता जरा पायाखाली बघा. ते लाल-करडे पेव्हर ब्लॉक दिसतात, त्यांच्या खाली खडी, खडीखाली स्लॅब आणि स्लॅबखाली मी. मी विहीर बोलतेय. घाबरू नका असं म्हणणार होते, पण थोडे घाबरलात तर बरंच होईल.

डहाणू रोडच्या बाजारात ते कापडाचं मोठं दुकान आहे ना, त्याच्या मागच्या आवारात माझा मुक्काम. दुकान सुदर्शनचं. त्याच्या पणजोबांनी मला खणवलं. समुद्र इथून हाकेवर, तेव्हा जो तो म्हणे, खारं पाणी लागेल, कशाला जमिनीला भोक पाडता? पण तळाशी झरा फुटला तो गोड. खणणारे तलासरीकडचे होते. पहिली ओंजळ त्यांनी प्यायली नाही, मलाच परत दिली. मग काळ्या दगडांनी मला आतून बांधून काढलं, वर रहाट बसवला आणि मी बाजाराची झाले.

काय दिवस होते ते! पहाटेपासून घागरींची रांग. बाया पाणी भरायला यायच्या आणि मन रिकामं करून जायच्या. सासूची गाऱ्हाणी माझ्यापाशी, नवऱ्याची गाऱ्हाणी माझ्यापाशी, गोड पाणी तेवढं घरी. मी कधी एक शब्द वर जाऊ दिला नाही. विहिरीच्या पोटात गेलेलं विहिरीतच राहतं.

या घराची एक रीत होती. नवी सून आली की आधी माझ्या काठाशी, मग स्वयंपाकघरात. बाळ घरी आलं की तेही आधी माझ्याशी. हळदकुंकू, नारळ, तांब्याभर पाणी, मग उंबरठा.

मनोरमा अशीच आली होती, सुदर्शनच्या वडिलांची, प्रल्हादची नवी नवरी. ती गंजाडची. पूजा झाली, सगळ्या बाया वळल्या, तशी तिने हळूच एक खडा उचलून माझ्यात टाकला आणि मान तिरकी करून ऐकत राहिली. डुबुक. तिच्या माहेरी पाण्याचा अंदाज असाच घेत. खडा किती वेळाने बोलतो आणि कसा बोलतो, त्यावरून विहीर भरली आहे की आटली, सुखात आहे की दुखण्यात, ते कळतं म्हणे. त्या दिवसापासून रोज सकाळी एक खडा. ती विचारायची, मी सांगायची. आम्हा दोघींचं तेवढंच बोलणं, पण त्यात कधी खंड पडला नाही.

मग घरोघरी नळ आले. रहाट कुरकुरायचा थांबला. आधी निर्माल्य, मग प्लास्टिकच्या पिशव्या, मग फुटक्या बादल्या असं काहीबाही माझ्यात येऊन पडू लागलं. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय? एकदा शेजाऱ्यांची शेळी पडली, तेव्हा प्रल्हादने ठरवलं की हिला बुजवून टाकू.

मनोरमा कधी नवऱ्यासमोर आवाज चढवणारी नव्हती. त्या दिवशी मात्र ती म्हणाली, "विहीर बुजवली तर वंश बुजतो. झाकायची तर झाका, पण तिचं पोट मोकळं ठेवा, आणि श्वासाला एक नळी ठेवा."

प्रल्हादही आतून भित्राच. त्याने मला बुजवलं नाही, वरून स्लॅब टाकला. त्यातून एक लोखंडी नळी वर काढली. माणसं चालतील, सरावली गावच्या बाया भाजीच्या पाट्या घेऊन बसतील, एवढ्यासाठी तो स्लॅब होता आणि तेवढ्यासाठी तो पुरेसा होता. मनोरमा त्या नळीतून खडा टाकायची. अंधारात का होईना, बोलणं चालू राहिलं.

पण एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. पाण्याचा श्वास ओला असतो. तो वर जाऊन स्लॅबच्या पोटाला लागायचा. त्यात आमची ही खारी हवा. आतल्या सळ्या फुगल्या, तांबड्या पडल्या, पोपडे सुटून माझ्यात पडू लागले. वरून स्लॅब दगडासारखा टणक दिसायचा, आणि वरून बघणाऱ्याला तेवढंच दिसतं.

त्यात जमीन हलू लागली. आता डहाणू-तलासरीच्या माणसाला धक्क्याचं काय सांगायचं! भांडी वाजली की लोक बाहेर येतात, "आजचा जरा मोठा होता" म्हणतात, चहा पितात आणि आत जातात. सवय मोठी वाईट. मला सवय झाली नाही. प्रत्येक धक्क्याला माझा एखादा दगड सांध्यातून सरकतो. तुमची भांडी परत मांडता येतात, माझे दगड कोण मांडणार?

प्रल्हाद गेला, दुकान सुदर्शनकडे आलं. माणूस वाईट नाही हो, उलट चार लोकांचं भलं बघणारा. बाजारात गाडी लावायला जागा नाही, म्हणून गिऱ्हाईक वापीला पळतं, नाहीतर चारोटीच्या हायवेवर थांबून तिथूनच परत फिरतं, ही त्याची खंत. बाई साडी बघत असायची आणि नवरा बाहेरून हॉर्न वाजवत असायचा. अशाने कुणाची खरेदी व्हायची? शेवटी त्याने आपलं मागचं आवार सगळ्या बाजाराच्या गिऱ्हाइकांसाठी मोकळं केलं. खरेदी कुठल्याही दुकानात करा, गाडी इथे लावा. भाजीवाल्या बायांना रस्त्याच्या कडेला जागा दिली, पांढरे पट्टे मारले, बाण काढले, दुचाकींना पत्र्याची सावली केली. लोकांनी तोंड भरून कौतुक केलं, आणि ते खोटं नव्हतं.

काम करणाऱ्याने त्याला विचारलं होतं, खाली काय आहे? विहीर म्हटल्यावर तो म्हणाला, शेठ, दगड-वाळूने भरून टाकू, मग निर्धास्त. सुदर्शनने दोन्ही कानांवर हात ठेवले. घरातली विहीर बुजवायची? ते पाप डोक्यावर कोण घेणार? आणि स्लॅब वडिलांनी टाकलाय, पक्का आहे. वडिलांच्या कामावर शंका घेणं त्याच्या रक्तातच नाही. माझ्यावरच्या मायेने मला दुसऱ्यांदा पोकळ ठेवलं, आणि यावेळी माझ्या डोक्यावर गाड्या उभ्या केल्या.

नळी टायरला लागायची, म्हणून ती कापली. वर ब्लॉक बसला. मनोरमा दुसऱ्या दिवशी सकाळी खडा घेऊन आली आणि नुसती उभी राहिली. मी खालून वाट बघत होते. मला तिची पावलं कळत होती. खडा मात्र तिच्या मुठीतच राहिला.

मग एकेक गाडी. अहो, गाडी पुढे येते तेव्हाचं वजन वेगळं, ब्रेक लागतो तेव्हाचं वेगळं, आणि सगळी मंडळी पिशव्या घेऊन परत बसतात तेव्हाचं आणखी वेगळं. स्लॅब मधोमध तडकला. तडा आधी केसाएवढा, मग बोट जाईल एवढा. मला दिसत होतं, पण मी ओरडणार कशी?

दसऱ्याला मनोरमाला कळलं. गाड्यांना झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबं, सगळी गडबड चाललेली. तिने जुन्या रीतीने माझ्या जागेवर तांब्या ओतला. पाणी पसरलं नाही, थांबलं नाही. घटाघटा आत गेलं. आणि मग खालून थेंबांचा आवाज आला, लांबून. ती गुडघ्यावर बसली, ब्लॉकच्या फटीला कान लावला. माणसं बोललेलं तिला आताशा धड ऐकू येत नाही, पण माझा आवाज तिला ऐकू येतो.

"सुदर्शन, खाली काहीतरी फुटलंय," ती म्हणाली.

त्याने समजुतीने सांगितलं की आई, ब्लॉकच्या फटीत पाणी जिरणारच, त्यासाठीच तर ते बसवतात. नातू विपुल हसला. आजीने हट्टच धरला, तेव्हा सुदर्शन म्हणाला, बरं, दिवाळी होऊ दे, मग उकरून बघू. आपल्याकडे सगळ्याला हेच औषध. दात दुखतोय? दिवाळीनंतर. छत गळतंय? दिवाळीनंतर. जमीन मात्र पंचांग बघत नाही.

मग म्हातारीने काय केलं असेल? दुसऱ्या दिवसापासून प्लास्टिकची खुर्ची आणून ती माझ्यावर ठाण मांडून बसली. सकाळी बसायची ते संध्याकाळी दुकान मिटेपर्यंत. गाडी आली की हाताने पुढे जा म्हणायची. आधी गिऱ्हाइकं कुरकुरली, मग तीच जागेला आजीची जागा म्हणू लागली. गाड्या लावून घेणारा लक्ष्या गंजाडचाच, तिच्या माहेरचा माणूस. त्याने कधी तिथे शिट्टी फुंकली नाही. चार पायांची एक खुर्ची आणि पोतंभर वजनाची एक म्हातारी, एवढ्यावर तडा थोपवून धरलेला. मला वाटलं, दिवाळी निघेल बहुतेक.

विपुलची बायको श्रुतिका बाळंतपणाला माहेरी गेली होती, तलासरीला. मुलगा झाला. पण तिकडे धक्के फार, बाळाला घेऊन माणसं अंगणात झोपायची. सुदर्शन म्हणाला, सव्वा महिना झालाच आहे, पोराला सुखरूप इकडे आणा. सुखरूप. मी खालून तो शब्द ऐकला आणि माझं पाणी गार पडलं.

आज धनत्रयोदशी. आवारात पाय ठेवायला जागा नाही. पुढच्या रस्त्यावर तर गाडी थांबवायची सोयच नाही, कारण इथे गाडी लावता येते म्हणून सगळा तालुका इकडे लोटलाय. सुदर्शनची योजना अशी फळाला आली. दुपारी फोन आला की विपुल श्रुतिकाला आणि बाळाला घेऊन नाक्यापर्यंत पोचला. मनोरमाचा पणतू येतोय! भाकरतुकडा ओवाळायचा मान घरातल्या थोरल्या बाईचा. इतके दिवस जेवायलासुद्धा न हलणारी म्हातारी तेवढ्यासाठी उठली. लक्ष्याला बजावून गेली की आलेच मी, इथे कुणाला लावू देऊ नकोस. तिला वाटलं, गाडी पुढच्या दाराशी थांबेल.

खुर्चीचे पाय उचलले गेले ते मला कळलं. लगेच सुदर्शनची पावलं आली. त्याने खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली.

"शेठ, आजीची जागा हाय ती," लक्ष्या म्हणाला.

"घरचीच गाडी आहे. बाळाचा पहिला पाय विहिरीशी लागू दे, आईलाच बरं वाटेल."

मालकाच्या घरची गाडी, मालकाच्या घरची विहीर. लक्ष्याने शिट्टी मुठीत धरली, हात हलवला आणि रोज म्हणतो तेच म्हणू लागला. येऊ द्या. येऊ द्या. येऊ द्या.

पुढची चाकं तड्यावर आली. येऊ द्या. मग मागची. बस.

ब्रेक लागला आणि माझ्यात मूठभर खडी पडली. ढोल-फटाक्यांच्या आवाजात कुणाला काही कळलं नाही. गाडीत पोर रडत होतं. इतक्या वर्षांत या घरचं प्रत्येक बाळ माझ्याशी आलं, पण असं डोक्यावर कधी आलं नव्हतं.

मनोरमा मागच्या दारातून ताट घेऊन आली. तिने भिंतीशी खुर्ची पाहिली, मग गाडी पाहिली. तरी खाली स्लॅब सुटतोय याची तिला खात्री होईना. मग मी एकच करू शकत होते ते केलं. माझ्या काठाचा एक सैल झालेला दगड इतके दिवस मी जीव खाऊन धरला होता, तो सोडला.

डुबुक.

म्हातारीची मान तिरकी झाली. ताट तिने तिथेच खाली ठेवलं. ती धावली नाही, ओरडली नाही. गाडीच्या खिडकीपाशी आली आणि हात पसरून म्हणाली, "श्रुतिका, बाळाला माझ्याकडे दे. खिडकीतूनच दे. आणि तू हळू उतर, दार आपटू नकोस."

श्रुतिकाने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि बाळाला उचललं. बाळ खिडकीतून बाहेर आलं. आता तीही उतरतेय, एक पाय जमिनीवर, दुसरा अजून आत. सुदर्शन हसत पुढे यायला निघाला होता, तो आता जागीच थांबलाय. त्याला पायाखाली काहीतरी हललेलं कळलं असणार.

तुम्हीही मागे व्हा. पिशव्या राहू द्या, मागे व्हा. मी जन्मभर दिलं, धरून कुणाला ठेवलं नाही. ती विहिरीची जातच नव्हे. आज धरलंय. दगडाला दगड लावून, होता नव्हता तो जोर लावून धरलंय, पण आता फार वेळ निभणार नाही.

विपुल अजून आत बसलाय. आजी काय म्हणते ते त्याला काचेतून ऐकू येत नाही. गाडी वाकडी लागली म्हणून ती रागावली असं त्याला वाटतंय, आणि सरळ करून घ्यावी म्हणून त्याचा हात चावीकडे गेलाय.

नको रे बाळा. गाडी राहू दे वाकडी. चावीला हात लावू नकोस, तसाच उतर.