पारड्याखालचं मेण

हरभऱ्याएवढा मेणाचा गोळा.

उन्हाने एका बाजूला सुटलेली नकली मिशी.

एका मुलीच्या मुठीत चुरगळलेलं तिकीट.

पितळी काठावर कोरलेली बारीक फुली.

टाळ्या.

मित्रांनो, यांतल्या फक्त तिकिटाचा आणि फुलीचा मला संशय येत नाही.

मी एक जुना तराजू आहे. लोखंडी दांडी, दोन पितळी पारडी, मधे काटा. माझे मालक किराणा दुकानदार होते. गिऱ्हाईक आधी काट्याकडे बघायचं, मग मालकांच्या हाताकडे, मग पुन्हा काट्याकडे. जन्मभर कुणी असं बघत राहिलं, की आपणही तसंच बघायला शिकतो.

दुकान बंद झालं. मालकांच्या मुलाने मला पोत्यात गुंडाळून इथे आणून दिलं. इथे म्हणजे माळावर उभारलेल्या या खोट्या गावात. पूर्वीची माणसं कशी राहत, ते बघायला लोक तिकीट काढून येतात. लोहाराचा भाता खरा आहे, पण धोतराखाली त्याच्या पायात खेळाचे बूट आहेत. मला रोज पुसतात. एवढी माया कशासाठी? मला तेव्हाच खटकलं होतं.

मग कळलं. इथल्या खोट्या दुकानातला नट रोज सकाळी, दार लावून, मालाच्या पारड्याखाली मेण चिकटवतो. लोक जमले की साखर तोलतो आणि पारडं उलटं करून ओरडतो, "बघा मंडळी! हा दुकानदार असा गंडवायचा!" लोक हसतात. टाळ्या पडतात.

परवा मालकांची नात आली. सोबत तिची लेक.

"ती फुली बघ. तुझ्या पणजोबांनी कोरलीय. हाच आपला तराजू!"

तेवढ्यात पारडं उलटं झालं. टाळ्या. मुलीने तिकीट घट्ट आवळलं.

"आई, पणजोबा चोर होते?"

नात तरातरा पुढे आली. मेणाला नख लावून म्हणाली, "अहो, हे तर मऊ आहे. आजचं आहे!"

नट तिच्या कानाशी वाकला. "ताई, हळू बोला हो. मीच लावतो ते. साहेब म्हणतात, लोकांना गंमत हवी."

"मग सांगा ना तसं. मोठ्याने सांगा!"

त्याने गर्दीकडे बघितलं, मिशी दाबली आणि म्हणाला, "चला मंडळी, पुढे लोहार आहे."

"घरचीच दिसतायत," मागून कुणीतरी म्हणालं. "ती कशाला कबूल करतील!" पुन्हा हशा.

नातीने सगळं मेण खरवडून काढलं. काटा मधोमध येऊन थांबला. "बघ बाळा, सरळ आहे की नाही?"

मुलीने आधी काट्याकडे बघितलं. मग आईच्या हाताकडे. मग पुन्हा काट्याकडे.

मित्रांनो, ती नजर मी ओळखतो. मला तोंड असतं तर त्या दिवशी बोललो असतो.

म्हणून तुम्हाला सांगतो. आमच्यासारख्या जुन्या वस्तू बघायला जरूर या, पुसायलाही या. पण आमच्या नावाने कुणी गोष्ट सांगू लागला, की आधी त्याच्या बोटांना काय चिकटलंय ते बघा. आज सकाळीही दार लावलेलंच होतं.

दुकान उघडलं की मालक रोज पहिल्या गिऱ्हाइकासमोर दोन्ही पारडी उलटी करून दाखवत.